अठ्ठ्याहत्तर विरुद्ध अठ्ठ्याहत्तर: युकॉनची निवडणूक आणि ओल्ड क्रोचा आमदार

उत्तरायणी (धागाकर्ती)

३ नोव्हेंबर २०२५ ला आमच्याकडे, म्हणजे कॅनडाच्या वायव्य टोकाला असलेल्या युकॉनमध्ये, सार्वत्रिक निवडणूक झाली. निकाल एकतर्फी लागला. युकॉन पार्टीला २१ पैकी १४ जागा मिळाल्या, एनडीपीला (न्यू डेमोक्रॅटिक पार्टी) ६, आणि २०१६ पासून सत्तेत असलेल्या लिबरल पक्षाच्या वाट्याला फक्त १ आली. युकॉन पार्टीचे करी डिक्सन प्रीमियर (म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री) झाले. भारतातल्या वर्तमानपत्रांनी याची दखल घेतली असेल असं वाटत नाही. दोन-अडीच वर्षांपूर्वी मात्र थोडी घेतली होती, कारण जानेवारी २०२३ मध्ये इथले प्रीमियर झालेले रंज पिल्लै यांचे वडील मूळचे केरळचे. यंदा ते उभे राहिले नाहीत. त्यांच्या जागी आलेले माइक पेंबर्टन यांना स्वतःची जागाही जिंकता आली नाही.

मला लिहायचंय ते लिबरल पक्षाच्या त्या एका जागेबद्दल. मतदारसंघाचं नाव वुंतुत ग्विचिन. सगळा मतदारसंघ मिळून गाव एकच, ओल्ड क्रो. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या २३६. निवडणुकीच्या आसपास आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत दरवेळी हा विषय निघतो: "दोनशे माणसांना आख्खा आमदार कशाला?" विचारणारे दुष्ट नाहीत, चांगली माणसं आहेत. पण हा प्रश्न ऐकला की मला स्वस्थ बसवत नाही, म्हणून हा धागा.

आधी जागेची कल्पना देते. युकॉनचं क्षेत्रफळ सुमारे ४,८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दीडपटीहून जास्त. माणसं २०२१ च्या जनगणनेनुसार ४०,२३२. त्यातली २८ हजार एकट्या व्हाइटहॉर्स शहरात, जिथे मी राहते. उरलेली बारा हजार माणसं एवढ्या मोठ्या मुलखात विखुरलेली. बाकीच्या गावांना बारमाही रस्ता आहे, ओल्ड क्रोला नाही. हे गाव आर्क्टिक वृत्ताच्या वर, पोर्क्युपाइन नदीच्या काठी आहे आणि तिथे जायचं तर विमानानेच. दूध, बटाटे, खिळे, गादी, सगळं विमानाने येतं आणि त्या भाड्यासकट विकलं जातं. गावातली बहुतेक माणसं वुंतुत ग्विचिन या आदिवासी राष्ट्राची (इथे आदिवासी समाजांना 'फर्स्ट नेशन' म्हणतात). कॅरिबूच्या, म्हणजे रानटी रेनडियरच्या, कळपावर पिढ्यानपिढ्या जगत आलेली.

आता २०२१ ची गोष्ट, जी खरं तर प्रत्येक मतदाराला सांगायला हवी.

१२ एप्रिल २०२१ ला मतदान झालं. तेव्हा विधानसभेत १९ जागा होत्या. रात्री मोजणी संपली तेव्हा लिबरल ८, युकॉन पार्टी ८, एनडीपी २. एक जागा अडकलेली. ओल्ड क्रोत दोनच उमेदवार होत्या, दोघीही गावच्याच समाजातल्या. एक पॉलीन फ्रॉस्ट, लिबरल, कोविडच्या काळातल्या आरोग्यमंत्री. दुसऱ्या ॲनी ब्लेक, एनडीपीच्या. फ्रॉस्टना ७८ मतं, ब्लेकना ७८.

फेरमोजणी न्यायाधीशांसमोर झाली. पुन्हा ७८-७८. आमचा कायदा म्हणतो की अशा वेळी चिठ्ठी काढायची. १९ एप्रिलला नाव काढलं गेलं आणि ॲनी ब्लेक निवडून आल्या. एका मंत्र्याचं मंत्रिपद त्या चिठ्ठीत गेलं. त्याच मतदारसंघात १९९६ मध्येही अशीच बरोबरी झाली होती आणि तेव्हाही नाव चिठ्ठीनेच ठरलं होतं. पाव शतकात दोनदा!

या चिठ्ठीने काय बदललं ते बघा. फ्रॉस्ट आल्या असत्या तर आकडे ९-८-२ झाले असते, म्हणजे लिबरल सगळ्यात मोठा पक्ष. ब्लेक आल्याने ८-८-३ झाले. बहुमताला दहा लागतात. एनडीपीच्या तीन आमदारांनी डावीकडे हात दिला तरी अकरा होत होते, उजवीकडे दिला तरी अकरा. त्यात राज्यभरात सर्वाधिक मतं, सुमारे ३९ टक्के, युकॉन पार्टीला होती. लिबरल ३२ वर होते, एनडीपी २८ वर. एनडीपीने लिबरल पक्षाशी लेखी करार केला, लिबरल नेते सँडी सिल्व्हर प्रीमियरपदी राहिले आणि बदल्यात किमान वेतन वाढलं, दातांच्या उपचारांची योजना आली, घरभाडं वर्षाला किती वाढवायचं यावर मर्यादा आली. भाड्याच्या घरात राहणाऱ्या माझ्यासारखीच्या खिशाशी याचा थेट संबंध आहे. ओल्ड क्रोतला एक माणूस त्या दिवशी मासे पकडायला आणखी वरच्या अंगाला गेला असता आणि मतदानाला पोचला नसता, तर हा सगळा हिशेब वेगळा मांडावा लागला असता.

म्हणून "कशाला आमदार" या प्रश्नाला माझं उत्तर असं आहे. त्या गावाच्या अडचणी व्हाइटहॉर्सच्या कुठल्याही मतदारसंघात बेरजेला येत नाहीत. डिझेल विमानाने आणून वीज करायची की सौर पॅनेल लावायचे, नदीकाठ खचतोय त्याचं काय, बाळंतपणासाठी बाईने किती आठवडे आधी गाव सोडून शहरात येऊन राहायचं, शेजारच्या अलास्कात तेलासाठी कॅरिबूंच्या विणीच्या जागा खोदल्या तर कुणी बोलायचं. हे गाव डॉसन शहराच्या मतदारसंघाला जोडलं तर लोकसंख्येचा हिशेब थोडा सुधारेल. पण ओल्ड क्रोचा माणूस पुन्हा कधी निवडून येणार नाही. आणि त्यांचा इतिहास विसरून चालणार नाही: कॅनडातल्या नोंदणीकृत आदिवासींना संसदेच्या निवडणुकीत मत देण्याचा बिनशर्त हक्क १९६० मध्ये मिळाला. ज्यांना इतक्या उशिरा मत दिलं, त्यांच्या मताचं वजन जास्त झालं म्हणून आपण कुरकुर करायची?

यंदा मला स्वतःला मतदान करता आलं. नागरिकत्व हवं, अठरा पूर्ण हवीत आणि युकॉनमध्ये बारा महिने राहिलेलं हवं. शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली, यादीत नाव बघितलं, घडी घातलेल्या दोन कागदी मतपत्रिका हातात दिल्या. एक उमेदवाराची, दुसरी जनमत कौलाची: सध्याची पद्धत ठेवायची की पसंतीक्रमाने मत द्यायचं? ५६ टक्के लोकांनी पसंतीक्रमाला कौल दिला. हा विषयही बोलण्यासारखा आहे.

तुमचं मत काय? विशेषतः ज्यांनी दुर्गम भागात निवडणुकीचं काम केलंय त्यांचं ऐकायला आवडेल.

---

निवृत्त मास्तर

ताई, तुम्ही बोलावलंत म्हणून लिहितो. नोकरीतली बरीच वर्षं गडचिरोली जिल्ह्यात काढली. निवडणूक आली की मतदान केंद्राध्यक्षाचा आदेश ठरलेला. एटापल्ली, भामरागड तालुक्यांतली केंद्रं. हेलिकॉप्टरने तळावर सोडायचे, तिथून पुढे पोलिसांबरोबर पायी. यंत्रं पाठीवर. आमच्याकडे सुरक्षेमुळे मतदान दुपारी तीनलाच संपतं, त्यामुळे सकाळी सातच्या ठोक्याला केंद्र उघडलंच पाहिजे.

एका केंद्रावर यादीत दीडशेच्या आसपास नावं. पहाटेच नदी ओलांडून आलेल्या बायका रांगेत उभ्या होत्या, लुगडी गुडघ्यापर्यंत ओली. त्यांना बसायला सांगितलं तर बसेनात, आमचा नंबर जाईल म्हणून. तुमच्या ओल्ड क्रोतल्या ७८ मतांची गोष्ट वाचताना त्या डोळ्यांसमोर आल्या. फरक एवढाच की त्यांचं मत लाखो मतदारांच्या मतदारसंघात मिसळून जातं. मोजणीच्या दिवशी त्या केंद्राचा आकडा कुणाच्या तोंडी नसतो.

मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा लांब चालावं लागू नये हा आपल्या आयोगाचा दंडक आहे आणि यंत्रणा तो पाळायला जिवापाड मेहनत घेते. मी स्वतः पाहिलंय. पण मत घ्यायला आपण इतक्या लांब जातो, आणि नंतर त्या गावाकडे पाच वर्षं कोण जातं?

---

गणिती

धागा माहितीपूर्ण आहे, पण मूळ मुद्द्याशी असहमत.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी राजकारणातल्या समतेचं सूत्र सांगितलं होतं: एक माणूस एक मत आणि एका मताचं एकच मूल्य. दुसरा भाग महत्त्वाचा. व्हाइटहॉर्सच्या मतदारसंघात हजाराच्या आसपास मतं पडत असतील आणि ओल्ड क्रोत दीडशे, तर व्हाइटहॉर्सच्या माणसाच्या मताला सहा-सात पट कमी किंमत आहे. मग तुम्ही, धागाकर्ती ताई, दुय्यम नागरिक झालात. अडचणी वेगळ्या आहेत हे मान्य. त्यासाठी गावाला निधी द्या, स्थानिक सत्ता द्या. विधानसभेतलं मत हे कायदे करण्याचं मत आहे, ते सगळ्यांवर लागू होतात. तुम्हीच लिहिलंय की त्या चिठ्ठीने तुमच्या घरभाड्याचं गणित हललं. मला तर हे समर्थन न वाटता तक्रार वाटली.

---

उत्तरायणी

@निवृत्त मास्तर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. "नंतर कोण जातं" हाच खरा प्रश्न आहे. ओल्ड क्रोच्या आमदाराला जावंच लागतं, कारण त्याचे सगळे मतदार तिथेच आहेत.

@गणिती, आक्षेप गंभीर आहे आणि मला तो टाळायचा नाही. पण मूल्य समान असावं हे तत्त्व मोजायचं कसं? कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सस्कॅचवानच्या सीमारेषांच्या प्रकरणात यावर निकाल दिला. मतदानाच्या हक्काचा गाभा तंतोतंत समान संख्या हा नाही, परिणामकारक प्रतिनिधित्व हा आहे, असं न्यायालयाने म्हटलं. समान संख्या ही त्यातली पहिली अट, पण भूगोल, समाजाचा इतिहास, अल्पसंख्याकांचं प्रतिनिधित्व यासाठी तिच्यापासून ढळता येतं. ढळायचं ते कारण देऊन, मनमानीने नाही.

भारतातही सूत्र जसंच्या तसं कुठे पाळता येतं? लक्षद्वीपचा खासदार साठ हजारांहून कमी मतदारांचा, मलकाजगिरीचा तीस लाखांहून जास्त. लक्षद्वीप एर्नाकुलमला जोडा असं कुणी म्हणत नाही, आणि ते बरोबर आहे.

स्थानिक सत्तेचं म्हणाल तर ती त्यांच्याकडे आहे. वुंतुत ग्विचिन हे स्वशासनाचा करार करणाऱ्या पहिल्या चार आदिवासी राष्ट्रांपैकी एक, १९९३ मध्ये सह्या झाल्या. त्यांची स्वतःची घटना आहे, प्रमुख आणि मंडळ ते निवडतात. २०२१ ला चिठ्ठीत हरलेल्या पॉलीन फ्रॉस्ट पुढच्याच वर्षी त्या राष्ट्राच्या प्रमुख म्हणून निवडून आल्या. पण वैद्यकीय सेवा, महामार्ग, खाणींचे परवाने, किमान वेतन हे विधानसभेत ठरतं. तिथे खुर्ची नसेल तर स्वशासन अर्धंच.

आणि मी स्वतःला दुय्यम समजत नाही. माझ्या शहरातून सभागृहात बहुसंख्य आमदार जातात. माझं म्हणणं मांडायला माणसांची कमी नाही.

---

दादरकर

चिठ्ठीचं वाचून २०१७ ची मुंबई महापालिका आठवली. वॉर्ड क्रमांक २२०. शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शाह, दोघांना ५,९४६ मतं. फेरमोजणी झाली, तरी तेच. शेवटी एका लहान मुलीकडून चिठ्ठी काढून घेतली आणि शाह जिंकले. त्या वेळी सेना ८४ आणि भाजप ८२ असा घोळ होता, त्यामुळे एकेका नगरसेवकाची किंमत सगळ्या शहराला कळत होती.

आपल्याकडे लोकसभा-विधानसभेलाही हाच नियम आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६५. पण मला हे कधीच पटलेलं नाही. पाच वर्षांचा प्रतिनिधी नशिबावर? पुन्हा मतदान घ्यायला काय हरकत आहे? आणि ताई, तो पसंतीक्रमाचा कौल लागू झाला तर चिठ्ठीची वेळ येणार नाही ना?

---

उत्तरायणी

@दादरकर, ओल्ड क्रोत उमेदवार दोनच होत्या. पसंतीक्रम असता तरी निकाल ७८-७८ च. वाटण्यासाठी तिसऱ्या उमेदवाराची मतंच नाहीत. फायदा होतो तो तिरंगी लढतींत, आणि युकॉनमध्ये बहुतेक लढती तिरंगी असतात. ३५ टक्के मतांवर माणूस निवडून येतो आणि ६५ टक्के लोक हळहळतात. पसंतीक्रमात सर्वांत मागे राहिलेल्याची मतं त्या मतदारांच्या दुसऱ्या पसंतीकडे जातात, कुणी निम्मी ओलांडेपर्यंत. ही शिफारस नागरिकांच्या एका सभेने केली होती. सामान्य माणसं निवडून त्यांना महिनोन्‌महिने अभ्यास करायला दिला, राजकारण्यांना त्यातून बाहेर ठेवलं. मला ही पद्धत फार आवडली. पण कौल म्हणजे कायदा नव्हे, कायदा नव्या विधानसभेनेच करायचाय.

फेरमतदानाबद्दल तुमच्याशी सहमत. शेजारच्या नुनावुतमध्ये तसंच करतात. २००८ मध्ये अकुलिक मतदारसंघात फेरमोजणीनंतर बरोबरी झाली तेव्हा त्यांनी चिठ्ठी न काढता पुन्हा निवडणूक घेतली. २०१३ मध्ये रँकिन इनलेट साउथला तेच. दोनशे-चारशे मतदारांच्या जागी हे सहज जमतं. आमच्या कायद्यातही ही दुरुस्ती व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

---

सह्याद्रीचा वारा

नुनावुतचं नाव निघालंच आहे तर विचारतो. तिथे म्हणे पक्षच नाहीत? हे चालतं कसं? आपल्याकडे पक्ष सोडायला आणि जोडायलाच अर्धा कार्यकाळ जातो, म्हणून फार कुतूहल आहे.

---

उत्तरायणी

@सह्याद्रीचा वारा, हो, नाहीत. नुनावुत १ एप्रिल १९९९ ला वायव्य प्रदेशातून वेगळा झाला. वीस लाख चौरस किलोमीटर, २०२१ ला ३६,८५८ माणसं, २५ गावं आणि एका गावातून दुसऱ्या गावाला जायला रस्ता कुठेच नाही. बहुसंख्य इनुइट, म्हणजे आर्क्टिकचे मूळ रहिवासी. तिथे २२ आमदार, सगळे अपक्ष. निवडून आले की सगळे एकत्र बसतात आणि आपल्यातून सभापती, प्रीमियर आणि मंत्री गुप्त मतदानाने निवडतात. प्रीमियरच्या खुर्चीसाठी उभे राहणाऱ्यांना सर्वांसमोर भाषण करून प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. खातेवाटप प्रीमियर करतो, पण मंत्री कोण हे सभागृह ठरवतं. बिगरमंत्री आमदारांची संख्या मंत्र्यांहून जास्त असते, म्हणजे सरकार कायम अल्पमतात. २०१८ मध्ये पॉल क्वासा यांना सात महिन्यांतच अविश्वासाने उतरवलं आणि ज्यो सविकाताक यांना बसवलं.

दोष आहेत. मतदार आपल्या गावचा माणूस निवडतो, सरकार निवडत नाही. धोरण आधी माहीत नसतं. चार वर्षांनी कुणाला जबाबदार धरायचं तेही धूसर. आमच्याकडे १९७८ पासून पक्ष आहेत, आणि मला पक्ष असलेले बरे वाटतात. जाहीरनामा हातात असला की जाब विचारता येतो. पण सर्वांनी मिळून ठरवण्याची इनुइटांची जुनी रीत त्या सभागृहात दिसते. वडीलधाऱ्यांना तिथे आदराने ऐकलं जातं.

आणखी एक गोष्ट सांगते, ती फार कमी लोकांना ठाऊक आहे. नुनावुत होण्याआधी, मे १९९७ मध्ये, तिथे एक कौल घेतला होता. प्रत्येक मतदारसंघातून दोन आमदार, एक स्त्री आणि एक पुरुष, म्हणजे सभागृह आपोआप निम्मं निम्मं. ५७ टक्के लोकांनी नाही म्हटलं, ४३ टक्क्यांनी हो. मतदान झालं ३९ टक्क्यांच्या आसपास. जगातली पहिली अशी विधानसभा झाली असती.

---

ओवी-ज्ञाती

हे १९९७ चं वाचून हळहळ वाटली. आमच्या तालुक्यात पन्नास टक्के आरक्षण आल्यावर पहिल्या टर्मला सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी नवऱ्याची खुर्ची असायची. तीच बाई दुसऱ्या वेळी खुल्या जागेवर उभी राहिली आणि आली. पाण्याच्या टाकीचं अंदाजपत्रक तिने ग्रामसभेत ओळ न ओळ वाचून दाखवलं, ते मी समोर बसून ऐकलंय. जागा राखून मिळाली नसती तर पहिली टर्मच झाली नसती. गणिती यांना हेच सांगायचंय की काही जागा राखूनच उघडाव्या लागतात. आपल्याकडे विधानसभा-लोकसभेचा कायदा २०२३ मध्ये होऊनही तो जनगणना आणि मतदारसंघ पुनर्रचनेला बांधून ठेवलाय.

---

गणिती

@ओवी-ज्ञाती, राखीव जागांना माझा विरोध नाही, त्यात मताचं मूल्य बदलत नाही. माझा आक्षेप मतदारसंघाच्या आकाराला आहे. १९९१ च्या निकालाबद्दल धागाकर्तींचे आभार, तो वाचतो. लक्षद्वीपचं उदाहरण मात्र बिनतोड आहे, त्यावर माझ्याकडे आत्ता उत्तर नाही. तरी सहापट फरक मला जास्त वाटतो, एवढं नोंदवून ठेवतो.

---

तळकोकणी

यंदा सरकार एवढं का कोसळलं? एका जागेवर येणं म्हणजे लोकांच्या मनात राग असणार.

---

उत्तरायणी

@तळकोकणी, नऊ वर्षांचा कंटाळा होताच. घरांची टंचाई, दवाखान्यातली गर्दी, वीज आणि व्यसनांचा प्रश्न. शहरात अमली पदार्थांनी तरुण मुलं गेली, २०२२ च्या जानेवारीत सरकारला आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. त्यात २४ जून २०२४ ला मेयोजवळच्या ईगल सोन्याच्या खाणीत सायनाइडच्या द्रावणाने धुवायच्या खनिजाचा प्रचंड ढिगारा कोसळला. कंपनी दोन महिन्यांत न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाच्या ताब्यात गेली, आणि सफाईचा खर्च सरकारच्या अंगावर आला. तो सगळा परिसर ना-चो न्याक डुन या आदिवासी राष्ट्राचा. नदीत काय उतरतंय ही धास्ती अजून आहे. १८९६ पासून या मुलखाने सोन्यासाठी माणसं आली आणि गेली हे पाहिलंय, पाणी मात्र इथल्याच लोकांना प्यायचंय.

---

लेह-रिटर्न

हा धागा वाचताना माझ्या मनात सतत लडाख होतं. कामानिमित्त तिथे राहिलो आहे.

युकॉन हा प्रांत नाही, प्रदेश आहे, म्हणजे आपल्या केंद्रशासित प्रदेशासारखा, बरोबर ना? ४० हजार माणसं, २१ आमदार. लडाखची २०११ ची लोकसंख्या २,७४,२८९. आमदार शून्य. २०१९ पूर्वी जम्मू-काश्मीर विधानसभेत चार होते: लेह, नुब्रा, कारगिल, झंस्कार. वेगळा प्रदेश झाला त्या दिवशी लेहमध्ये लोक नाचले, कारण श्रीनगरकडून सुटका ही तिथली जुनी मागणी. पण विधानसभा दिलीच नाही. आता एक खासदार, दोन पर्वतीय परिषदा आणि सगळ्यावर उपराज्यपाल. २४ सप्टेंबर २०२५ ला लेहमध्ये आंदोलन चिघळलं आणि गोळीबारात चार जीव गेले. मागण्या राज्याचा दर्जा आणि सहावी अनुसूची (आदिवासी भागांना स्वायत्त परिषदा देणारी घटनेतली तरतूद).

झंस्करमध्ये हिवाळ्यात महिनोन्‌महिने रस्ता बंद असतो. तिथल्या बाईच्या बाळंतपणाचा प्रश्न ओल्ड क्रोसारखाच आहे. कुठल्या सभागृहात विचारायचा तिने? मला धागाकर्तींना विचारायचंय की युकॉनला हे सगळं सुरुवातीपासून होतं का, की भांडून मिळवलं?

---

पणजीकर

लेह-रिटर्न यांच्या प्रश्नाला गोव्याचा एक धागा जोडतो. गोवा १९६१ ला मुक्त झाला, आणि डिसेंबर १९६३ मध्ये पहिली निवडणूक झालीसुद्धा. केंद्रशासित प्रदेशच होता, तरी तीस आमदारांची विधानसभा होती, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. त्यासाठी संसदेने १९६३ मध्ये केंद्रशासित प्रदेशांच्या सरकारांचा कायदा केला होता. दमण आणि दीवला एकेक आमदार होता. लोकसंख्येने दीव कुठे आणि फोंडा-मडगाव कुठे, पण समुद्रापलीकडच्या दीवला स्वतःचा आवाज हवा हे कुणी अमान्य केलं नाही.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं हे लोकांना थेट विचारलं. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७०. माझ्या घरात वडील एका बाजूला आणि काका दुसऱ्या बाजूला होते, आणि ते मतभेद शेवटपर्यंत राहिले. तरी निकाल दोघांनी मानला, कारण विचारलं होतं. लडाखला २०१९ मध्ये कुणी विचारलं नाही. छोटा प्रदेश आहे म्हणून विधानसभा देता येत नाही, हे कारण गोव्याच्या माणसाला सांगू नये.

---

उत्तरायणी

@पणजीकर, दीवची माहिती मला नवीन. मनापासून आभार.

@लेह-रिटर्न, सुरुवातीपासून नव्हतं. युकॉन १८९८ मध्ये सोन्याच्या गर्दीत वेगळा प्रदेश झाला, आणि त्यानंतर ऐंशी वर्षं खरी सत्ता ओटावाने नेमलेल्या कमिशनरकडे होती. निवडून आलेली मंडळी होती, पण अखेरचा शब्द त्यांचा नव्हता. तुमच्या उपराज्यपालांसारखंच.

१९७८ मध्ये पहिल्यांदा पक्षांच्या नावावर निवडणूक झाली. मग ९ ऑक्टोबर १९७९ ला केंद्रातले मंत्री जेक एप यांनी कमिशनर आयोनी क्रिस्टेन्सन यांना एक पत्र पाठवलं. आशय असा: यापुढे तुम्ही मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसायचं नाही, निवडून आलेल्या मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच वागायचं. क्रिस्टेन्सन यांनी राजीनामा दिला. पण सत्ता फिरली ती फिरलीच. जबाबदार सरकार युकॉनला एका पत्राने मिळालं, घटनादुरुस्ती लागली नाही. जमीन आणि खनिजांचा कारभार मात्र १ एप्रिल २००३ पर्यंत ओटावाकडेच होता. तो मिळवायला आणखी चोवीस वर्षं गेली.

आजही आमच्या अंदाजपत्रकाचा मोठा भाग केंद्राच्या अनुदानातून येतो. "पैसे आमचे, मग सत्ता तुमची कशी" हा युक्तिवाद इथेही झालाच होता. १९८१ च्या जनगणनेत युकॉनची लोकसंख्या होती २३,१५३. पत्र आलं तेव्हा एवढीच माणसं होती. लडाखच्या दहाव्या हिश्शाहून कमी.

एक मोठा फरक नजरेआड करता येत नाही. लडाखला दोन देशांच्या सीमा भिडलेल्या आहेत आणि तिथे सैन्य आहे. दिल्लीची भीती तिथून येते हे मला समजतं. पण दुसऱ्या महायुद्धात अलास्का महामार्ग याच युकॉनमधून सैन्यासाठी बांधला गेला, शीतयुद्धात रडारची रांग याच्या उत्तर किनाऱ्यावर होती. तरी पुढे लोकांवर विश्वास टाकला गेला. सीमेवरच्या माणसाला सभागृह दिलं म्हणून सीमा कच्ची होते, असं मला वाटत नाही.

---

लेह-रिटर्न

सविस्तर उत्तरासाठी आभार. ते १९७९ चं पत्र आणि गोव्याचा १९६३ चा कायदा, दोन्ही लेहमधल्या मित्रांना पाठवतो. आदिवासी राष्ट्रांशी झालेले करार कसे झाले, जमिनीचं काय ठरलं, यावर लिहाल का? सहाव्या अनुसूचीच्या चर्चेत तेच सगळ्यात कळीचं आहे.

---

उत्तरायणी

नक्की. १४ पैकी ११ राष्ट्रांचे करार झालेत, तिघांचे नाहीत, आणि त्या तिघांची कारणंही ऐकण्यासारखी आहेत. १९७३ मध्ये एलायजा स्मिथ आणि इतर प्रमुख आपलं निवेदन घेऊन ओटावाला पंतप्रधान पिएर ट्रुडो यांच्याकडे गेले होते, तिथून सुरू करावं लागेल. वेगळा धागा काढते.